भाच्याच्या मोटारीची काच

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी धाव ठाऊक आहे. गळका नळ, पावसाळ्यात फुगलेले दार, कुरकुरणारा पलंग, फार तर शिलाईचे यंत्र. तेव्हा ऐन दिवाळी अंकात मी मोटारीवर, आणि तीही विलायतेतल्या मोटारीवर लिहायला बसलो आहे, हे पाहून पुष्कळांना नवल वाटेल. आमच्या घरात ते वाटून झाले आहे. "मोटारीतलं तुम्हाला काय कळतं?" असे आमच्या मंडळींनी चकलीचा सोऱ्या पुसता पुसता विचारले. मी काही न बोलता त्या सोऱ्याकडे बोट दाखवले. त्याचा दांडा गेल्या वर्षी मीच बसवला होता.

पण खरे सांगायचे तर मी काही हौसेने गेलो नव्हतो. मला ताईने धाडले.

माझा भाचा इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळ राहतो. कचेरीत दिवसभर संगणकावर काम आणि घरी आल्यावर गॅरेज. २०२३ च्या उन्हाळ्यात ताई आणि दाजी त्याच्याकडे तीन महिने राहून आले. दाजींचे सारे आयुष्य दापोडीच्या एस. टी. वर्कशॉपात गेलेले. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवत असत. बापलेकांनी मिळून त्या गॅरेजात एक मोटार जुळवायला घेतली. परत आल्यावर दाजींच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. डिसेंबरात एका रात्री झोपेतच ते गेले. भाचा आला, दिवस करून परत गेला, आणि मोटार तशीच पडली.

"तो गॅरेजात जातो, दिवा लावतो आणि नुसता बसून राहतो, असं सूनबाई सांगत होती," ताई मला म्हणाली. "आता एकदम काय झालंय कोण जाणे, रात्रंदिवस त्याच कामात. जेवायला बोलावलं तर येत नाही. वर्षश्राद्धाच्या आत गाडी रस्त्यावर आणायचीच म्हणतो. काच बसवायची राहिलीय म्हणे. तू जाऊन ये. तुला हत्यारांतलं कळतं."

बहिणीचे हे शेवटचे वाक्य ऐकायला मला साठ वर्षे थांबावे लागले होते. २०२४ च्या सप्टेंबरात मी विमानात बसलो.

आता 'मोटार जुळवणे' म्हणजे काय, हे सांगायला हवे. आपली मुले दिवाळीत किल्ला करतात. दगड इथून, माती तिथून, मावळे गेल्या वर्षीच्या खोक्यातून. तिकडे पुष्कळ मोठी माणसे तशीच मोटार करतात. सांगाडा, म्हणजे चासी, आणि फायबरची बॉडी एखाद्या लहानशा कारखान्याकडून घ्यायची. इंजीन, गिअरबॉक्स वगैरे अवयव एखाद्या भंगारात निघालेल्या मोटारीचे काढायचे. भाच्याने जुन्या फोर्ड सिएराचे काढले होते. मग वर्ष-दोन वर्षे, कधी दहा वर्षेही, सुट्टीच्या दिवशी जोडत बसायचे. याला 'किट कार' म्हणतात.

या छंदाचा उगम मात्र हौसेत नसून करात आहे, हे वाचून आपल्यासारख्या पगारदार मंडळींना बरे वाटेल. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदीकर जबर होता. सुट्या भागांचा संच घेऊन घरी जोडला तर तो वाचत असे. १९५७ मध्ये आलेली 'लोटस सेव्हन' ही चिमुकली मोटार याच वाटेने पुष्कळांच्या दारात पोचली. अशा संचाबरोबर जोडणीच्या सूचना द्यायला मनाई होती, म्हणून कंपनीने मोटार सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या उलट्या वाचल्या, अशी गोष्ट तिकडे मोठ्या चवीने सांगतात. १९७३ साली नवा व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचा हक्क लोटसकडून केटरहॅम या विक्रेत्याकडे गेला, आणि तिथे ती मोटार आजही होते, संचाच्या रूपातही मिळते. सवलत गेली, खाज राहिली.

भाच्याची मोटार दोन आसनांची, छपराची, रंगाने गडद हिरवी. गॅरेजात पाऊल टाकताच मला ती जवळजवळ पुरी झालेली वाटली. इंजीन चालू होत होते, दिवे लागत होते. पुढच्या काचेच्या जागी तेवढे मोठे भोक. काच भिंतीशी घोंगडीवर उभी करून ठेवली होती आणि रबराचे वेटोळे खुंटीला टांगले होते. बारा दिवसांवर सरकारी तपासणी होती. घरी जोडलेली मोटार रस्त्यावर आणण्याआधी तिकडे तिची बारीक तपासणी होते. तिची सध्याची पद्धत २००९ पासूनची आहे. पुढची काच लावलेली असेल तर ती सुरक्षित काच हवी, तिच्यावर मान्यतेचा छाप हवा, वायपर हवा, धुके पुसणारी गरम हवाही हवी.

"मामा, इंजीन चुकलं तर परत उघडता येतं," भाचा म्हणाला. "काच गेली की गेली."

त्याची भीती रास्त होती. पुढची काच म्हणजे एक काच नव्हे, दोन. मध्ये पाऊण मिलिमीटर जाडीचा पारदर्शक चिवट पापुद्रा आणि दोन्ही बाजूंनी दोन-अडीच मिलिमीटरची काच. एदुआर बेनेदिक्तुस नावाच्या फ्रेंच गृहस्थाच्या हातून १९०३ साली प्रयोगशाळेतली एक कुपी पडली. तिला तडे गेले पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आतल्या सेल्युलोजच्या द्रावाचा थर वाळून चिकटून बसला होता. त्यातून पुढे ही काच निघाली. दगड बसला तरी ती जागेवर राहते. पण तिचा जीव काठात असतो. मधोमध हाताचा भार द्या, सोसेल. काठाला बारीकसा टवका असला किंवा कोपरा पिळला गेला, तर तिथून निघालेला तडा दुसऱ्या टोकाला जाऊनच थांबतो.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. चाळीसएक वर्षांपूर्वी आमच्याकडे एक पद्मिनी होती. (मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हा आमच्या घरातही थोडा वेळ कोणी बोलले नाही.) खंबाटकीच्या घाटात पुढच्या ट्रकच्या चाकाखालचा दगड उडाला आणि आमची काच एका क्षणात साखरेच्या खड्यांची झाली. ती जुन्या पद्धतीची, टफन्ड काच. तिचे असेच होते. मुठीएवढे भोक पाडून, तोंडाला उपरणे बांधून मी पुण्यापर्यंत गाडी आणली. दुसऱ्या दिवशी नाना पेठेत एक काचवाले चाचा भेटले. त्यांनी रबर, साबणाचे पाणी आणि सुतळी एवढ्या तीन जिनसांवर अर्ध्या तासात नवी काच बसवली. मी मध्ये मध्ये हात लावत होतो. त्यांनी दोनदा सोसले आणि मग म्हणाले, "साहेब, जोर लागायला लागला की हात काढायचा. काच ओरडत नाही, एकदम जाते."

कॉव्हेंट्रीत माझे भांडवल एवढेच.

पहिले दोन दिवस कानस चालवण्यात गेले. पत्र्याच्या मोटारीत काचेभोवतीचा काठ सगळीकडे सारख्या जाडीचा असतो. रबराला दोन खाचा असतात, एकीत काच आणि दुसरीत हा काठ. म्हणून जाडी महत्त्वाची. फायबरची बॉडी साच्यात हाताने थर देऊन केलेली, तिचा काठ इथे तीन मिलिमीटर तर तिथे सहा. शिवाय ही काच मुळात दुसऱ्याच एका घरगुती मोटारीची. लहान कारखाने काच स्वतः करवून घेत नाहीत, बाजारात मिळते ती धरून बॉडी आखतात. आम्ही खरी काच हलवायची नाही असे ठरवून हार्डबोर्डाचा फर्मा कापला, आणि भोक व फर्मा यांच्यामध्ये चहूकडे सारखी फट येईपर्यंत घासले. नाकातोंडावर मुखवटे बांधावे लागतात. त्या फायबरची धूळ अंगाला लागली की खाजकुइली परवडली. सूनबाईने आम्हा दोघांना अंगणात झटकल्याशिवाय घरात घेतले नाही.

तिसऱ्या दिवशी खरी काच उचलली. दहा-बारा किलोचे वजन, दोघांनी धरून भोकावर अलगद टेकवली. काठावर रबराचे चार तुकडे टेकू म्हणून ठेवले होते. मी खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवले, तर वरचा उजवा कोपरा उचलला गेला. बोट काढले, खाली गेला. एक पाय आखूड असलेला पाट जेवताना डुगडुगतो ना, तस्से.

उचललेल्या कोपऱ्याखाली भाच्याने खिशातली नाणी सरकवून पाहिली. दोन पेन्सची तीन नाणी एकावर एक गेली. सहा मिलिमीटर.

"रबर घेईल तेवढं," तो म्हणाला.

"दोन असते तर घेतले असते. हे सहा आहेत."

"मामा, बारा दिवसांतले तीन गेले."

"मग नऊ आहेत."

तो काही बोलला नाही. आम्ही काच पुन्हा घोंगडीवर ठेवली. मी सूनबाईकडून शिवणाचा दोरा मागून घेतला आणि भोकाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून तिरपे दोन दोरे ताणून बांधले. चारही कोपरे एका पातळीत असतील तर दोरे जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे नुसते टेकतात. आमचे टेकले नाहीत. मध्ये तीन मिलिमीटर अंतर, म्हणजे कोपऱ्याच्या फरकाचे बरोबर निम्मे. काच निर्दोष होती. बॉडीच पिळलेली होती.

पिळलेली का, हे शोधायला फार अक्कल लागत नाही. फायबरची बॉडी लवचीक. चासीवर ती जिथे जिथे बोल्टांनी बसते, त्यातल्या एका जागी खाली पोकळी राहिली असेल आणि पॅकिंग न घालता बोल्ट आवळला असेल, तर बॉडी तिथे ओढली जाते आणि त्या ओढीने पुढचे भोक तिरपे होते. मी बॅटरी घेऊन खाली वाकलो. एकूण आठ बोल्ट. प्रत्येक नटावरून वॉशरवर आणि तिथून चासीवर पिवळ्या रंगाची एक बारीक, सरळ रेघ.

ती रेघ मी ओळखली. नट पुरा आवळला, तपासला, की त्यावर रंगाची रेघ ओढायची. पुढे नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. दाजींच्या घरच्या पंख्याच्या बोल्टावरसुद्धा अशी रेघ आहे.

"हे सैल करायला लागतील," मी म्हणालो.

"ते बाबांनी आवळलेत," भाचा म्हणाला, आणि दिवा बंद करून घरात गेला.

त्या रात्री तो जेवायला आला, पण जेवला नाही. सूनबाई माझ्याकडे पाहत होती आणि मी वरणाकडे. काहीतरी बोलायला हवे म्हणून मी दाजींच्या चेतकची हकीकत काढली. ताईच्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी असेल, दाजींनी वाड्याच्या अंगणात स्कूटरचे इंजीन उघडून पुन्हा बसवले. रात्रीचे दहा वाजले. हात धुवायला गेले आणि परातीत एक वॉशर उरलेला दिसला. स्कूटर चालू होत होती. आवाजही चांगला होता. आम्ही सगळे म्हणालो, राहू द्या आता. दाजींनी कंदील मागवला आणि सगळे पुन्हा उघडले. पहाटे तीनला वॉशर आपल्या जागी गेला. ताईने त्या परातीत पुढे महिनाभर कणीक भिजवली नाही. सूनबाई हसली. भाचा ताट घेऊन उठला.

सकाळी मला पान्याच्या आवाजाने जाग आली. मी गॅरेजात गेलो तेव्हा गाडीखालून दोन पाय तेवढे बाहेर दिसत होते. मी स्टुलावर बसलो. उजव्या बाजूचा मागचा बोल्ट सैल होताच बॉडीने 'टक्' असा आवाज केला आणि ती जागची वर आली. कोणी उचलली नाही, आपण होऊन आली. पुढे दोऱ्यांकडे पाहिले तर ते एकमेकांना टेकले होते.

गाडीखालून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग भाचा म्हणाला, "बाबा म्हणाले होते, चाकांवर उभी राहिली की एकदा पुन्हा बघू. तेव्हा ती घोड्यांवर होती. मी विसरलो होतो."

मी म्हणालो, "किती वॉशर लागतील?"

"दोन."

लागले तीन. पण त्याचा हिशेब सकाळच्या चहाआधीचा होता.

आता काच बसवण्याचे मुख्य काम. ते मी जरा विस्ताराने सांगतो, कारण कोणा वाचकाच्या दारात एखादी जुनी फियाट ताडपत्रीखाली उभी असेल तर त्याला उपयोग होईल. काही कारागीर रबर आधी बॉडीला लावून मग त्यात काच घालतात. चाचांची रीत उलटी, आणि मी तीच धरली.

तिकडे सप्टेंबरातच गारठा, आणि गार रबर म्हणजे शिळी भाकरी, वाकत नाही. म्हणून रबर आधी बादलीभर ऊन पाण्यात टाकले. मग ते काचेभोवती लावताना भाच्याने ओढायला सुरुवात केली तेव्हा त्याला थांबवले. ताणून लावलेले रबर त्या दिवशी झकास दिसते. पण ते हळूहळू आखडते आणि मग सांध्याशी फट पडते, कोपऱ्यांतून सुटते. उलट कापताना ते बोटभर जास्तच ठेवायचे आणि दाबून, कोंबून बसवायचे. आम्ही सांधा खाली मधोमध घेतला. तो वर घ्यावा की खाली यावर जाणकारांत वाद आहेत, त्यात मी पडत नाही. काच आणि रबर यांच्यामध्ये कधीही न वाळणारा मऊ लांबीसारखा लेप भरला, आणि रबर सुटू नये म्हणून वरून कागदी चिकटपट्टीचे बंद मारले.

मग रबराच्या बाहेरच्या खाचेत दोरी. चाचांची सुतळी होती, आमची नायलॉनची, करंगळीच्या निम्मी जाड. ती सगळीकडून फिरवून दोन्ही टोके खाली मधोमध एकमेकांवर वीतभर ओलांडून आतल्या बाजूला सोडायची. खाचेला आणि बॉडीच्या काठाला भांडी घासायच्या साबणाचे पाणी भरपूर. ग्रीस किंवा इंजिनाचे तेल चुकूनही नाही. त्याने बहुतेक रबरे फुगतात.

भाचा आत बसला, मी आणि सूनबाई बाहेर. आम्ही काच जागेवर धरली. त्याने दोरीचे एक टोक काचेला समांतर, हळूहळू ओढायला घेतले. दोरी निघते तसा रबराचा आतला ओठ उलटून काठावर चढतो. मी बाहेरून तिथेच तळहाताने थोपटायचे. मूठ नाही, तळहात. जेथे दोरी तेथे थाप. खालची बाजू झाली. मग दोन्ही कडा. वरचा डावा कोपरा गेला. वरच्या उजव्या कोपऱ्याशी दोरी अडली.

"मामा, जोर लावू?"

"लावायला लागतोय का?"

"हो."

"मग सोड."

सूनबाईने चहा आणला. आम्ही तिघांनी तो तिथेच, काचेच्या आतून-बाहेरून एकमेकांकडे पाहत घेतला. पंधरा मिनिटांत रबर आपली जागा शोधते, थोडे सैलावते. पुन्हा साबणपाणी सोडले, दोन थापा दिल्या, भाच्याने दोरी ओढली, आणि शेवटचे टोक त्याच्या हातात आले तेव्हा त्याला ते कळलेच नाही. तो तसाच ओढत राहिला.

रबराच्या तोंडावर एक खाच उरते, तीत शेवटी एक जाड पट्टी ठोसून बसवायची असते. ती बसली की रबर काच आणि काठ दोन्ही घट्ट धरते. तिचे खास हत्यार मिळते. आम्ही मोडक्या पेचकसाच्या मुठीत तारेचा फासा बसवून ते केले. पट्टी बसवायला काच बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागला आणि माझ्या अंगठ्याचे साल निघाले, पण त्यात सांगण्यासारखे काही नाही.

संध्याकाळी बागेची नळी सोडून पाहिली. सूनबाई आत रुमाल घेऊन बसली. पाच मिनिटे कोरडे. मग खालच्या डाव्या कोपऱ्यातून एक थेंब आला, आणि दोन मिनिटांनी दुसरा. ओठ लाकडी चमच्याच्या दांड्याने उचलून आत लेप भरला. पुन्हा नळी. आला नाही.

रात्री उशिरा भाचा पुन्हा गाडीखाली गेला. आठही नट आवळून झाल्यावर त्याने माझ्याकडे रंगाची कुपी आणि काडी मागितली. पिवळा रंग वाळून गेला होता. त्याने पांढऱ्या रंगाने रेघा ओढल्या, तुटलेल्या पिवळ्या रेघा न पुसता, त्यांच्या शेजारी.

तपासणीत गाडी पहिल्या खेपेला नापास झाली. काचेवरून नव्हे. बाहेरच्या कोणत्याही उघड्या कडेची गोलाई अडीच मिलिमीटरपेक्षा कमी नको असा तिथला नियम आहे, आणि आरशाच्या दांडीचा एक बोल्ट टोकदार निघाला. तपासनिसाने काचेच्या कोपऱ्यातला छाप पाहिला, वायपर फिरवून पाहिला, आणि पुढे गेला. दुसऱ्या खेपेला पास झाली. तोवर मी पुण्याला परतलो होतो. नोव्हेंबरात फोटो आला. सूनबाई शेजारी बसलेली, भाचा चाकाशी, दोघांच्या समोर ती काच आणि तिच्यावर पावसाचे थेंब.

तो फोटो घेऊन मी ताईकडे गेलो. तिने चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिला.

"पाऊस आत येत नाही ना रे?" तिने विचारले.

मी म्हणालो, डाव्या कोपऱ्याशी रुमाल ठेवायला सांगितलाय.